गिअरची गाडी शिकण्यासाठी जुनी बाईक: नाशिकात घेताना काय बघावं?

सिडकोकर
लेक जानेवारीत १८ पूर्ण करते. तिला गिअरची मोटारसायकल शिकायची आहे, शिकवणार तिचा मामा. नवी गाडी शिकताना आपटायला नको म्हणून जुनी बघतोय. बजेट ४० हजार, त्यातच नावावर करणं वगैरे सगळं आलं. लेकीची उंची ५ फूट २ इंच, अंगाने बारीक. तिला पल्सर १५० हवी, मामाचा आग्रह स्प्लेंडरचा. माझं लायसन्स फक्त बिनगिअरचं, त्यामुळे दोघांच्या वादात मला मत नाही. कोणती घ्यावी, काय तपासावं, कुठे शिकवावं? आणि १८ व्हायच्या आधीच सुरुवात केली तर चालतं का?

वंगण
मामांचं ऐका.

शिकणारा माणूस धावत्या गाडीवरून कमी पडतो. पडतो तो थांबताना, जागेवर गाडी वळवताना आणि स्टँडवर लावताना. तिथे सीसी नाही, किलो मोजायचे. स्प्लेंडर सुमारे ११२ किलोची, पल्सर १५० तिच्याहून तीसेक किलो जड. गाडी एका बाजूला १५ अंश कलली की ते तीस किलो बारीक अंगाच्या मुलीला सावरता येत नाहीत. कंपनीच्या कागदावर दोघींच्या सीटची उंची ७८५ मिमीच आहे, पण स्प्लेंडरची सीट पुढे अरुंद आणि टाकी बारीक, त्यामुळे पाय सरळ खाली जातो. दुकानात आकडा विचारू नका, बसवून बघा. दोन्ही पायांचे चवडे टेकले आणि एक पाय पूर्ण टेकला की पुरे. प्लॅटिनाची सीट थोडी उंच आहे, ५ फूट २ ला ती आधी बसून बघितल्याशिवाय घेऊ नका.

याच वर्गातल्या एचएफ डिलक्स, पॅशन, सीटी १००, स्टार सिटी, शाइन यांतली कुठलीही, तशीच बसून बघून, चालेल. नावापेक्षा हातातली गाडी कशी आहे ते महत्त्वाचं. शिकायची गाडी पहिल्या सहा महिन्यांच्या पडझडीसाठी घ्यायची, पुढच्या पाच वर्षांसाठी नाही. हे एकदा ठरवलं की रंग, स्टिकर, अलॉय व्हील यांना पैसे मोजणं आपोआप थांबतं.

आणखी एक. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबून पडतात, उतरवायचे टाचेने. पल्सरचा पहिला खाली, बाकीचे वर. स्प्लेंडरवर शिकलेली मुलगी पल्सरवर बसली की चढवायच्या ऐवजी उतरवते आणि मागचं चाक घसटतं. म्हणून शिकायची गाडी आणि मामांची स्वतःची गाडी पहिल्या महिन्यात आलटून पालटून देऊ नका.

कागदपत्री
ताई, वयाचा प्रश्न आधी, कारण तिथे चूक महागात जाते.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४: सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवायला १८ पूर्ण हवीत. १६ व्या वर्षी सूट आहे ती ५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलला, आणि तशी पेट्रोलची गाडी आज बाजारात शोधून सापडत नाही. म्हणजे १०० सीसीचं शिकाऊ लायसन्ससुद्धा १८ च्या आधी निघत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीत कलम १९९ अ (199A) आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या २५ पर्यंत लायसन्स नाही. शेवटचा भाग लोकांना माहीतच नसतो.

"मैदानावर चालतं, रस्ता थोडाच आहे" हा नेहमीचा युक्तिवाद टिकत नाही. जिथे जनतेला जायचा हक्क आहे ती जागा सार्वजनिक, मग ती रहदारीची असो वा नसो. गोल्फ क्लब मैदान त्यातच आलं. तेव्हा १८ च्या आधी शिकवायचं तर कोणाच्या तरी कुंपण घातलेल्या शेतात किंवा बंद आवारात. तिथेसुद्धा अपघाताचा विमा मिळेल असं गृहीत धरू नका.

तिखटमिसळ
जाहिरातींची भाषा लक्षात ठेवा मंडळी. "लेडीज वापर", "डॉक्टरने वापरलेली", "फक्त काळारामाला जायला काढायचो". त्या हिशेबाने काळारामाच्या दारात रोज दोन हजार स्प्लेंडर उभ्या हव्यात.

वंगण
आता तपासणी. एकच नियम सगळ्यात वर: विकणाऱ्याला फोनवर सांगायचं, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर सायलेन्सरला हात लावून बघा. गरम असेल तर काहीतरी लपवलंय असं समजून पुढे बघा. गार इंजिन सगळं बोलतं, गरम झालेलं गप्प बसतं.

किल्ली बंद ठेवून किक हळूहळू दाबा. मध्ये एका जागी घट्ट विरोध लागला पाहिजे. पाय सरळ खाली गेला तर कॉम्प्रेशन गेलेलं आहे, बोरकिटचं (सिलिंडर-पिस्टनचं) काम निघणार. मग चोक ओढून चालू करा. दोन-तीन किकमध्ये चालू व्हायला हवी. सेल्फ आणि किक दोन्हीने करून बघा, बऱ्याच गाड्यांचा सेल्फ बॅटरीमुळे मेलेला असतो आणि ते "फक्त बॅटरी टाका" असं सांगून खपवतात.

धूर मागे उभं राहून बघायचा. पहाटेची पांढरी वाफ एका मिनिटात जाते, ती धूर नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. ॲक्सिलरेटर सोडून परत पिळल्यावरच येत असेल तर व्हॉल्व्ह सील, सतत येत असेल तर रिंग-पिस्टन. सील स्वस्तात होतं, रिंग-पिस्टनची गाडी सोडून द्या. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, तो कार्ब्युरेटर साफ करून आणि एअर फिल्टर बदलून बहुधा सुटतो.

ऑइलची काडी पुसून परत घालताना आटे फिरवायचे नाहीत, नुसती टेकवायची, मग पातळी बघायची. ऑइल काळं असणं गुन्हा नाही. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. ऑइल अगदी सोनेरी, कालच टाकल्यासारखं असेल तर विचारा, का बदललं? जाड ऑइल टाकून आवाज दाबणं ही जुनी युक्ती आहे. स्प्लेंडरला १० डब्ल्यू ३० लागतं.

पुढचे शॉकअप: नळीवर बोट फिरवा, तेलकट लागलं तर सील गेलं. पुढचा ब्रेक दाबून हँडल खाली दाबा, वर येताना एकदाच यावं, डुलू नये. डबल स्टँडवर लावा, मागे कोणीतरी दाबून पुढचं चाक उचला आणि हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. बरोबर मध्ये अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट (हँडलच्या दांड्याचं बेअरिंग) गेला. शिकणाऱ्याला हा दोष सगळ्यात वाईट, कारण कमी वेगात गाडी सरळ रेषेत राहतच नाही आणि मुलीला वाटतं आपल्यालाच तोल जमत नाही. तसंच मागचं चाक धरून आडवं हलवा. खडखडलं तर स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) बुश किंवा बेअरिंग.

चेसिस वाकली आहे का ते दहा पावलं मागून बघा. दोन्ही चाकं एका रेषेत दिसायला हवीत. हँडलच्या दोन्ही टोकांना थांबवणारे लोखंडी ठोकळे असतात, ते चेपलेले किंवा नव्याने रंगवलेले असतील तर गाडी समोरून धडकलेली आहे. खरचटलेला लेगगार्ड चालेल, चेपलेला ठोकळा नाही.

मीटरवर विश्वास ठेवू नका, केबल काढली की ते थांबतं. त्याऐवजी फूटरेस्टचं रबर, किकचं रबर, ब्रेक पेडलची धार बघा. १५ हजार किमीच्या गाडीचं ब्रेक पेडल गुळगुळीत होत नाही. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचं कडक रबर पावसात घसरतं. नाशिकच्या पहिल्या पावसात, धूळ आणि सांडलेलं ऑइल एक झालेलं असताना, तर विचारूच नका.

मखमलाबाद_नाका
२०१७ ते २०२० मधली घ्यावी की त्यानंतरची? माझ्या मते नवीन बीएस सहा (प्रदूषणाच्या नव्या नियमांची) घ्या, फ्युएल इंजेक्शन आहे, चोकची कटकट नाही.

वंगण
४० हजारात चांगली बीएस सहा मिळाली तर जरूर घ्या. पण त्या पैशात जी मिळेल ती बहुधा खूप चाललेली असेल, आणि त्याच पैशात २०१८-१९ ची बीएस चार (आधीच्या नियमांची) नीटनेटकी मिळते. कार्ब्युरेटर कुठल्याही फाट्यावरचा मेकॅनिक खोलतो. इंजेक्शनच्या गाडीत दिवा लागला की स्कॅनर हवा, आणि बॅटरी पूर्ण उतरली तर किक मारूनही बऱ्याचदा उपयोग नसतो.

एप्रिल २०१९ नंतरच्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांत जोडब्रेक आहे, मागचं पेडल दाबलं की पुढचाही थोडा लागतो. शिकणाऱ्याला बरं. फक्त त्याची केबल सेट केलेली आहे का ते बघा. डबल स्टँडवर पेडल दाबा आणि पुढचं चाक हाताने फिरवून बघा.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये महिनाभर उभी ठेवू नका. उभी राहणारच असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटरची वाटी रिकामी होते.

कागदपत्री
कागद. गाडी आवडल्यावर नाही, बघायला जायच्या आधी नंबर मागून घ्या. परिवहनच्या साइटवर नोंदणीची तारीख, मालक क्रमांक, विमा, पीयूसी, कर्जाचा बोजा दिसतो. ई-चलान वेगळं तपासायचं. चलान थकलेलं असेल तर नाव बदलताना अडतं, आणि ते कोणी भरायचं हा वाद पैसे दिल्यावर घालायचा नसतो.

फॉर्म २९ विकणारा देतो, फॉर्म ३० दोघांच्या सहीचा. बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि फायनान्सवाल्यांचं ना-हरकत पत्र, आणि ते विकणाऱ्यानेच आणून द्यायचं. "आठ दिवसांत देतो" म्हणाला तर पैसेही आठ दिवसांनी. खरेदीदाराने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. अर्ज ऑनलाइन होतो, पण ओटीपी नोंदवलेल्या मोबाईलवर जातो. बऱ्याच गाड्यांना जुन्या शोरूमचा किंवा एजंटचा नंबर जोडलेला असतो. म्हणून विकणाऱ्यासमोर बसूनच स्वतःच्या फोनवर ओटीपी येतोय का ते बघा. एवढ्या एका गोष्टीपायी लोक पेठ रोडच्या आरटीओला हेलपाटे घालतात.

चेसिस नंबर हँडलखालच्या नळीवर, इंजिन नंबर इंजिनाच्या खालच्या भागावर. कागद ठेवून पेन्सिल घासा आणि आरसीशी अक्षर न अक्षर जुळवा. नंबरभोवती नवा रंग किंवा घासल्याच्या खुणा दिसल्या तर तिथूनच परत फिरा.

एमएच १५ आणि जीजे १५ यात फरक करा. वलसाड पासिंगची गाडी दोन-चार हजारांनी स्वस्त दिसते, पण फॉर्म २८ ची एनओसी (तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र) आणि इथला रोड टॅक्स पुन्हा, त्यात ती बचत संपते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट लावलेली आहे का तेही बघा.

विमा: ७५ ते १५० सीसीला थर्ड पार्टीचा मूळ हप्ता ७१४ रुपये, वर जीएसटी. चालू पॉलिसी असेल तर १४ दिवसांत तुमच्या नावावर करायचा अर्ज द्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. गाडी आणि विमा एकाच नावावर ठेवा, तुमच्या.

"सैन्यात आहे, बदली झाली, गाडी कुरिअरने पाठवतो" अशी स्वस्त जाहिरात दिसली तर ती गाडी अस्तित्वातच नाही. इसार सुद्धा गाडी समोर उभी असल्याशिवाय द्यायचा नाही.

अर्धाक्लच
शिकवण्याबद्दल लिहितो. आधी गाडी तिच्या हाताला बसवून घ्या, ज्याकडे कोणीच बघत नाही. क्लच जड लागत असेल तर तो दोष बोटांचा नसतो, जुन्या केबलचा असतो. नवी ओरिजिनल केबल टाका. लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिमी मोकळी हालचाल ठेवा. बारीक हाताला क्लच लिव्हर हँडलच्या अगदी जवळ आल्यावर पकडलेला सोयीचा, कारण तिथे बोटांत जोर असतो. दोन्ही लिव्हर सीटवर बसल्यावर मनगट सरळ राहील इतके खाली फिरवा. आणि लिव्हरचे क्लॅम्प पूर्ण आवळू नका, जोराने ढकललं तर फिरतील एवढेच. गाडी पडल्यावर लिव्हर तुटायच्या ऐवजी वळतो. तरी एक जोडी साइड कव्हरच्या आत ठेवा.

क्रम असा:

इंजिन बंद. गाडी ढकलत डावीकडून आणि उजवीकडून फिरवायची. डबल स्टँडवर लावायला ताकद लागत नाही. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकले की उजवा पाय पट्टीवर ठेवून पूर्ण वजन टाकायचं, हात फक्त दिशा देतात. बहुतेक मुली इथेच "मला जमत नाही" म्हणतात, कारण कोणीतरी त्यांना हाताने उचलायला शिकवलेलं असतं.

मग ब्रेक. क्लचच्या आधी. ढकलत आणलेली गाडी दोन्ही ब्रेकनी थांबवायची. पुढचा ब्रेक पिळायचा, झटकायचा नाही. "पुढचा लावू नकोस, उलटशील" हा सल्ला देणाऱ्या माणसाला त्या दिवशी मैदानावर येऊ देऊ नका. थांबण्याची बहुतेक ताकद पुढच्याच चाकात असते. फक्त वाळू-खडीवर आणि हँडल वळलेलं असताना तो जपून.

नंतर इंजिन चालू, पहिला गिअर, ॲक्सिलरेटरला हात नाही. क्लच इतका हळू सोडायचा की गाडी आपोआप सरकेल. सपाट जागेवर स्प्लेंडर आयडलवर चालते. पाच मीटर जायचं, क्लच दाबून थांबायचं, परत. वीस-पंचवीसदा. क्लच कुठे पकडतो हे हाताला कळलं की अर्धी गाडी आली. हे न करता थेट ॲक्सिलरेटर दिला की गाडी उसळते, घाबरून माणूस मूठ आणखी पिळतो, आणि कुंपणात जातो. म्हणून मनगट खाली झुकवून मूठ धरू देऊ नका, तशा पकडीत घाबरल्यावर ॲक्सिलरेटर आपोआप वाढतो.

गिअर दुसऱ्या दिवशी. एक-दोन-तीन, उतरताना टाचेने एकेक, थांबायच्या आधी पहिल्यात. मग आठचा आकडा, मागचा ब्रेक हलका धरून आणि नजर जायच्या दिशेला ठेवून. चाकासमोर बघितलं की पाय टेकतो, आणि लायसन्सच्या टेस्टला पाय टेकणं चालत नाही. त्यानंतर ताशी ३० वरून अचानक थांबणं, चढावर मागच्या ब्रेकवर गाडी धरून सुटणं, आणि मग रस्ता.

सिडकोकर
खूप उपयोगी. मामा मागे बसून शिकवणार होता, ते बरोबर का?

कागदपत्री
नियमाने शिकाऊ लायसन्सवर रस्त्यावर असताना त्या प्रकारच्या गाडीचं लायसन्स असलेला माणूस सोबत हवा, आणि गाडीला पुढे-मागे १८ बाय १८ सेंमीच्या पांढऱ्या पाटीवर लाल 'एल'. मागे मैत्रीण बसवायची नाही. हा नियम मोडलेला असताना अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळतं. तुमचं लायसन्स बिनगिअरचं, म्हणून तुम्ही मागे बसलात तर ते धरलं जाणार नाही. मामांचं लायसन्स गिअरचं आणि चालू आहे ना, तेवढं बघा.

अर्ज करतानाही गिअरचीच मोटारसायकल निवडा. बिनगिअर निवडलं तर बाईकसाठी परत सगळं करावं लागतं. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, पक्क्याची टेस्ट ३० दिवसांनंतर. टेस्टला आपली गाडी न्यायची असते, तेव्हा विमा आणि पीयूसी त्या दिवशी चालू हवेत.

अर्धाक्लच
कायदा तसा आहे, पण पहिल्या चार-पाच सत्रांत मागे माणूस नको. ११२ किलोच्या गाडीवर मागे ७५ किलोचा मामा बसला की वजन मागे आणि वर जातं, हँडल हलकं होतं, आणि तोल शिकायचा राहून जातो. बंद आवारात एकटीने पूर्ण पक्कं करायचं, मामाने बाजूने चालायचं. रस्त्यावर आल्यावर मामा मागे.

जागेचं म्हणाल तर गोल्फ क्लब सकाळी चालणाऱ्यांनी भरलेलं असतं, नको. शिकाऊ लायसन्स हातात आल्यावर सातपूर किंवा अंबड एमआयडीसीचे आतले रस्ते सुट्टीच्या दिवशी रुंद आणि मोकळे असतात. कडेला कंपन्यांच्या गेटजवळ लोखंडाचा किस पडलेला असतो, तिथून लांब. मग गंगापूर रोडची सकाळ. द्वारका आणि मुंबई नाका अगदी शेवटी. पिंपळगाव-लासलगावकडे कांद्याच्या दिवसांत अंधार पडल्यावर नेऊ नका, ट्रॉलीला मागे दिवा असेलच असं नाही.

निफाडकर_द्राक्षवाले
कपड्यांचं राहिलं. नाशिकच्या पोरी सनकोट आणि स्कार्फ घालून निघतात. स्कार्फचे दोन वेढे घालून वर हेल्मेट चढवलं की पट्टा लावूनही ते डोक्यावर फिरतं. हेल्मेट घेताना स्कार्फसकट माप घ्या किंवा पातळ बालाक्लावा (डोकं-तोंड झाकणारी टोपी) वापरा. आयएसआय, आयएस ४१५१ चं, आणि हेल्मेट मात्र जुनं घेऊ नका. सनकोटाची टोकं मोकळी नकोत. स्प्लेंडरला पूर्ण चेनकव्हर असतं हा त्यातला मोठा फायदा.

सिडकोकर
काल एक बघितली. स्प्लेंडर प्लस २०१८, दुसरा मालक, मीटर १९ हजार, सांगतोय ३८. इंजिन गार होतं, धूर नाही, कोनसेट ठीक. पण निघताना आणि ॲक्सिलरेटर सोडला की मागून 'कट' आवाज येतो. तो म्हणतो चेन टाइट केली की जाईल.

वंगण
नुसती टाइट करून जाणार नाही. चेनकव्हर उघडून मागच्या स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चक्राच्या) अगदी मागच्या टोकाला चेन धरून ओढा. अर्ध्या दातापेक्षा जास्त वर आली तर सेट संपला. मग चाक हळू फिरवत खालच्या बाजूला चेनचा ढिलेपणा चार जागी बघा. साधारण २५ ते ३० मिमी हवा. एका जागी ताठ आणि दुसरीकडे सैल असेल तर चेन असमान ताणली गेली आहे. ती टाइट केली तर ताठ जागी गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते.

दोन्ही ठीक निघाले तर आवाज मागच्या हबमधल्या रबरांचा. चाक घट्ट धरून स्प्रॉकेट पुढे-मागे हलवा. बोटभर खेळला तर रबरं दबलीत. ती स्वस्त आहेत, बदलायला चाक काढावं लागतं एवढंच. चेन-स्प्रॉकेट सेट मजुरीसकट दीड हजाराच्या आसपास धरा, आणि बदलायचा तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, तिन्ही एकत्र. नुसती चेन नवी टाकली तर जुने दात तिला काही महिन्यांत खातात.

३८ ला मात्र नाही म्हणा. ४० चं बजेट आहे, त्यात नावावर करणं, विमा, हेल्मेट, ग्लोव्ह्ज, क्लच केबल, ब्रेक शू, ऑइल आणि हे चेनचं काम बसायला हवं. टायर जुने असतील तर तेही. ३२ पासून बोला, चेन समोर ओढून दाखवा, ३३-३४ ला सोडेल. नाही सोडली तर स्प्लेंडरला नाशिकात तोटा नाही.

मखमलाबाद_नाका
हवा किती ठेवायची? आमच्या पंपावरचा पोरगा सगळ्यांना सरसकट ३५ भरतो.

वंगण
स्प्लेंडरला पुढे २५, मागे एकटी असताना २८. मामा मागे बसणार असेल त्या दिवशी मागे वाढवायची, किती ते गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. पुढे ३५ भरली तर कच्च्या मैदानावर पुढचं चाक उड्या मारतं आणि ब्रेक लावला की घसरतं. हवा गार टायरमध्ये बघायची, पंपापर्यंत चालवत नेल्यावर आकडा दोन-तीनने जास्त दिसतो.